ट्रान्समीटरचा तयार कागद

६ जाने. ८५, चिखला
पहिली पाळी. खाणीतल्या पंपाच्या मोटरीने जीव खाल्ला. घरी आलो तर साकोलीचे कंपाउंडर गजाननराव ओट्यावर. माझ्यासारखाच रेडिओवर छोटी विमानं उडवणारा आणखी एक वेडा. नवा रेडिओ-ट्रान्समीटर मांडीवर.
"भाऊ, मले शिकाचं नाई. तुमचं सेटिंग तयारच द्या."
कागदावर लिहून दिलं. सळई कोणत्या भोकात, दांडी किती हलवायची, ट्रिमची बारीक खिट्टी किती खाचा सरकवायची. हा नववा माणूस. सगळ्यांना तयारच पाहिजे. समजावत बसायचा मलाही कंटाळा.

२७ जाने.
गजाननरावांचं पत्र. धान कापलेल्या बांधीत विमान उडवलं. वर न्यायला दांडी ओढली तर खाली वळलं, थेट त्यांच्या आईच्या तोंडावर. भुवईला पाच टाके. डोळा सुजून बंद. दिसेल का, सूज उतरल्यावर कळेल.
शिवी नाही. "तुमच्या कागदापरमानंच केलं" एवढंच.
बायकोला, सुमनला, पत्र दाखवलं. "तुमी थोडीच उडवलं," म्हणाली.
जेवण गेलं नाही.

२९ जाने.
शेपटीची फळी हलवणारा सर्वो, म्हणजे छोटी मोटर, उलट्या बाजूला बसवला असणार. चूक त्यांचीच. दिवसभर हेच स्वतःला सांगतोय.

३ फेब्रु.
नाकाडोंगरीच्या शाळेतल्या वंदनाबाई आल्या. दिवाळीनंतर कागद नेला होता, अजून उडवलेलं नाही.
"काका, दांडी ओढली तं शेपटीची फळी वर जाते का खाली? यात लिवलंच नाई."
म्हटलं, आहे की, शेवटची ओळ. पाहिलं. नाही.
जुनी वही काढली. तिच्यात आहे: 'उडवण्याआधी दांडी ओढून फळी वर उठते का पाहणे. न उठल्यास उडवू नये.' पहिल्या कागदावर उतरवताना जागा संपली, सोडून दिली. हे काय सांगायचं, असं वाटलं होतं. पुढचे सगळे कागद त्याच्यावरून.
बाईंनी वहीतली ओळ वाचली. मग म्हणाल्या, "बाकीच्यांजवळबी असाच हाये का?"

५ फेब्रु.
कागद नेलेल्या सहा जणांना राहिलेली ओळ लिहून पोस्टकार्डं टाकली. सातवा माणूस तुमसरच्या स्टँडवर भेटलेला. गाडी सुटत होती, कागद हातात दिला. नावही विचारलं नाही.

१० फेब्रु.
साकोली. गजाननराव दवाखान्यात पुड्या बांधत होते. वही पुढे ठेवली. म्हटलं, चूक माझी.
त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.
"मी तं समजून राहिलो होतो, मलेच जमलं नाई."
पुड्या बाजूला सारल्या. घरी नेलं. "आईले तुमीच सांगा."
आई बाजेवर, डोळ्यावर पट्टी. पाया पडलो, सांगितलं. ऐकून घेतलं तिने.
"थोडं आदी यायचं होतं, बाबू. दोन हप्त्यांपासून धड जेवून नाई राहिला थो पोरगा."
परतताना बसमध्ये उभाच. जागा होती.

१७ फेब्रु.
चार कार्डांना उत्तर. एकाने आभार मानलेत. ते वाचवेना.
गजाननरावांच्या आईची पट्टी काल निघणार होती. साकोलीहून काही नाही.
आज तुमसरला गेलो, काम नसताना. स्टँडवर तीन गाड्या सुटेपर्यंत थांबलो. तो सातवा माणूस उंच होता एवढं खरं. खांद्याला पिशवी, का हातात? एकाला "विमान उडवता का?" विचारलं. तो हसला आणि बसमध्ये चढला.