तुमच्या रजिस्टरातल्या रिकाम्या ओळी

बाबूजी, तुमचं रजिस्टर चुकीचं होतं, असं मला लिहून द्यायला सांगताहेत. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, पण हे दुसऱ्या कोणाला सांगू, सुचत नाही. आपल्या गोरेगावच्या पलीकडे ज्या टेकडीवर तुम्ही ड्रिलिंगवाल्यांकडे कामाला होतात, तिथं लोहखनिजाची खाण निघाली. आत किती माल आहे याचा अंदाज मी काढला, कागदावर सही माझी. आणि आता खोदायला घेतलं तर दगडाच्या जागी पिवळी माती निघून राहिली आहे. मशीनी उभ्या आहेत, ड्रायव्हर-ऑपरेटर घरी बसले. चूक माझी आहे, आधीच सांगून टाकते.

तिथली तुमची शेड आठवते. मी चौथी-पाचवीत असेन, आईनं दिलेला तुमचा डबा घेऊन आलेय. बोअरमधून निघालेले दगडाचे गोल, लांब तुकडे, ज्याला तुम्ही कोर म्हणायचात, ते तुम्ही लाकडी पेटीत जितक्या खोलवरून निघाले त्या क्रमानं लावताय आणि मधे मधे जागा सोडताय. मला ते काही बरं दिसत नाही. तुमची पाठ वळते आणि मी सगळे तुकडे सरकवून एकमेकांना भिडवते. अहाहा, कशी भरगच्च दिसते पेटी! तुम्ही वळता आणि असा धपाटा घालता की डबा हातातून पडतो. "काऊन वो, कायले सरकवलं? तिथली माती मऊ होती, पाण्यासंग वाहून गेली. जे हाती नाही आलं ते भी लिहावं लागते, समजलं का?" मग उरलेला वरणभात आपण दोघांनी एकाच डब्यातून खाल्ला, लोणच्याची मोठी फोड तुम्ही मला दिलीत. पेटी परत लावायला तुमची अख्खी दुपार गेली.

तरी विसरले. तीन वर्षांपूर्वी तुमची रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवताना जिथं कोर आलाच नाही म्हणून लोखंडाचा आकडा रिकामा होता, त्या ओळींशी आलं की प्रोग्राम अडायचा. रिपोर्टची घाई होती. मी त्या ओळी उडवल्या. क्रिगिंग म्हणतात मालाचा अंदाज काढायच्या त्या हिशेबाला. जिथं बोअर मारलेला नाही तिथं खाली काय असेल, हे आजूबाजूच्या बोअरना विचारायचं. जवळच्याचं जास्त ऐकायचं, लांबच्याचं कमी. फार सुंदर गणित आहे, तुम्हाला समजावून सांगायला मला आवडलं असतं. पण मी त्याला फक्त लोखंडानं भरलेल्या कडक तुकड्यांचंच ऐकू दिलं. माती मी गायबच केली होती. कागदावर अख्खी टेकडी लोखंडाची निघाली आणि सगळ्यांनी माझी पाठ थोपटली.

कंपनीतले माझे साहेब म्हणाले, "मॅडम, लिख दो रेकॉर्ड ही गलत था. वो बुजुर्ग तो गुजर गए, उनका क्या बिगड़ेगा?" माझं आडनाव आता सासरचं, ते अक्षर कोणाचं हे त्यांना माहीत नाही. रजिस्टर माझ्यासमोरच होतं. पानोपानी तुमचं उभं अक्षर: कोर नाही, माती वाहून गेली. एकदाही चुकला नाहीत हो तुम्ही! साहेबांनी ते कधी उघडलं नाही, उघडणारही नाहीत. खरं बोलले तर नोकरी जाईल, माझ्या सहीचा कागद पुन्हा कोणी हातात घेणार नाही. पोरगी बारावीत आहे. कारणं काय, हवी तेवढी आहेत. काय करू मी? कोणाच्या पाया पडू?

हे कुठं पाठवायचं नाहीये, म्हणून तरी खरं लिहिते. सांगताहेत असं वर म्हटलं, पण परवाच लिहून दिलं मी. रजिस्टर ठेवणाऱ्याचा निष्काळजीपणा, आणि पुढं तुमचं पूर्ण नाव. तिथून फुलचूरला आईकडे गेले. ती म्हणाली, "तोंड काऊन उतरलं वो तुझं?" माझ्या तोंडून निघून गेलं, काही नाही, मोठ्या रिपोर्टात बाबूजींचं नाव आलं. तिनं तुमच्या फोटोला हार घातला, शेजारणींना बोलावून आणलं आणि एकेकीला सांगत बसली. सगळ्यांचा चहा मीच केला.