हळद लावलेला गोल्फ बॉल

बाबा, गोल्फ बॉलला हळद कोण लावतं? मला जगातला दुसरा एक माणूस दाखव. तेव्हाही मी हेच विचारलेलं आणि तू नुसता हसलेलास, म्हणून परत विचारतेय. मराठीत विचारतेय, कारण तुझ्याशी इंग्लिशमध्ये भांडायला गेलं की तू "हां, करेक्ट, करेक्ट" म्हणायचास आणि भांडणातली हवाच निघून जायची. आत्ता दुपार आहे. आई क्लासेसवर गेलीये. किचनच्या ओट्यावर, आईच्या पोह्यांच्या ताटलीत माझ्यासमोर चार बॉल ठेवलेत. तीन नवे, एक तुझा. सगळ्यांचं सगळं मोजून झालंय, आणि तुझ्यामुळे त्या मोजण्याला काही अर्थ उरलेला नाही.

नीट सांगते, नाहीतर तू मधेच "पण का?" विचारशील. कल्याण-शीळ रोडला एक मोठी टाउनशिप झालीये, तू होतास तेव्हा तिथे गवत आणि होर्डिंग होतं. तिथे आता नऊ होलचा गोल्फ कोर्स आहे, आणि त्यांना लहान मुलांना शिकवायला एक ज्युनियर कोच हवाय. एकच. रविवारी त्याची टेस्ट आहे, ठरलेल्या स्कोअरच्या आत खेळून दाखवायचं. जमलं तर ठाण्याच्या ऑफिसात दिवसभर लोकांच्या ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघून क्लेम पास करणं सुटेल. नाही जमलं तर बंपर आहेतच माझ्या नशिबात. टेस्टचा नियम असा की ज्या मॉडेलच्या बॉलने सुरू कराल, शेवटपर्यंत तेच मॉडेल. हरवला तर दुसरा घ्या, पण सेम. म्हणजे आधीच ठरवायला लागतं, आणि ठरवायचं तर तीन गोष्टी बघायला लागतात: लांब किती जातो, ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, पडल्यावर स्पिन घेऊन थांबतो की घसरत जातो, आणि मारताना हाताला कसा लागतो. तू म्हणशील, बॉल बॉल असतो. प्लीज म्हणू नकोस.

तुला बॉलमधलं काहीही कळत नव्हतं, हे एकदा लिहून टाकते. घोडबंदर रोडच्या गोल्फ सरावाच्या ड्रायव्हिंग रेंजवर तू इलेक्ट्रिशियन. फ्लडलाइट तुझे, पाण्याची मोटर तुझी, बॉल धुवायचं मशीन अडकलं की तेही तुझंच. रविवारी आईचे क्लासेस असायचे म्हणून तू मला सोबत न्यायचास, आणि तिथल्या सरांनी एकदा गंमत म्हणून माझ्या हातात क्लब, म्हणजे गोल्फची काठी, दिली, तिथून हे सगळं लागलं मागे. मी यूट्यूबवर बघून यायचे आणि तुला सांगायचे की ह्याच्या आत थर असतात, वरचं कव्हर मऊ म्हणून छोट्या शॉटला क्लब त्याला पकडतो, आतला गाभा जोर साठवतो म्हणून लांब जातो. तू मान डोलवायचास आणि बॉल कानाशी नेऊन दाबायचास. कानाशी. कलिंगड होतं का ते? मग ओट्याच्या कडप्प्यावर टप्पा पाडायचास, बॉल उडून फ्रिजवर आपटायचा, खालच्या काकू वर यायच्या, आणि तू त्यांच्यासमोर मला सांगायचास, "हा घे. ह्याने काकू लगेच आल्या." मी एवढी चिडायचे. काकू हसत परत जायच्या आणि तुला वाटायचं प्रश्न मिटला.

आणि मग तो दसरा. नवरात्रात तू टेंभी नाक्याला लाइटिंगचं काम घ्यायचास, नऊ दिवस घरात तुझा फक्त डबा यायचा-जायचा. दसऱ्याच्या सकाळी तू आलास, डोळे लाल, शर्टाला गुलाल, आणि हातात ठाण्याच्या दुकानातला छोटासा खोका. तीन बॉल. टीव्हीवरचे लोक खेळतात ते. मी बारावीत होते, तोपर्यंत मी फक्त रेंजचे लाल पट्टीवाले, कापले गेलेले बॉल मारलेले. मी खोका उघडून वास घेतला, परत बंद केला, आणि आंघोळीला गेले. बास, तेवढा वेळ तुला पुरला. बाहेर येतेय तर पाटावर तुझी पक्कड, टेस्टर, ड्रिल, आणि शेजारी तीन वाट्यांमध्ये माझे तीन बॉल बसवलेले, घरंगळू नयेत म्हणून. प्रत्येकावर ओल्या हळदीचं बोट, त्यावर कुंकू, वर झेंडूची पाकळी.

मी केवढी ओरडले, बाबा. कव्हर मऊ असतं, ते हळद पिऊन घेतं, बॉलवरच्या खळग्यांत, डिंपलमध्ये, काही अडकलं तर बॉल सरळ उडत नाही, हे सगळं मी टॉवेल डोक्याला गुंडाळलेला असताना सांगत होते. तू शांतपणे म्हणालास, "पक्कडीला चालते ना?"

"पक्कड उडत नाही, बाबा."

तू विचार केलास. खरंच केलास, तो चेहरा मला अजून आठवतो. मग म्हणालास, "मग उडणाऱ्याला जास्त लावायला हवी होती."

आई आतून म्हणाली की सणाच्या दिवशी भांडू नका, कुंकू पुसा आणि बॉल उन्हात ठेवा, हळदीचा डाग उन्हाने जातो. तू बिचारा लगेच उठलास. दोन बॉल खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवलेस आणि तिसरा, झोपेत चालत असल्यासारखा, हत्यारांबरोबर पिशवीत टाकलास. अर्थात हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. ग्रिलमधले दोन काही दिवसांत पांढरेशुभ्र झाले. तिसरा कुठाय विचारलं की तू म्हणायचास, "कुठे जाणार, घरातच असेल," आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत हेच म्हणत राहिलास. मग मे महिन्यात तू गेलास. लोकांना अजून वाटतं की तू शिडीवरून पडलास. मी दर वेळी सांगते, नाही, खुर्चीत बसून चहा पीत होता. रेंजवरच, पण खुर्चीत.

पांढरे दोन मी खेळले आणि हरवले. एक पाण्यात, एक झाडीत. त्याचं काही नाही, बॉल हरवतातच. पुढे कधीतरी हॉलचा पंखा बंद पडला, आईने तुझ्या पिशवीतला टेस्टर काढायला सांगितला, आणि तळाशी इन्सुलेशन टेपच्या रिंगमध्ये फिट बसलेला तिसरा बॉल निघाला. अंधारात राहिला ना तो. तुझं बोट तसंच होतं त्यावर, पिवळंधमक. तेव्हापासून तो माझ्या मोज्यात असतो. मोजा कपाटात असतो. मी मधेमधे काढून बघते आणि परत ठेवते, आणि आई म्हणते, "बॉल आहे की स्थळ आहे? किती वेळा बघशील?"

आता टेस्टिंगचं ऐक. गेल्या शनिवारी सकाळी सरांनी रेंजवर ते स्पीड आणि स्पिन मोजणारं मशीन वापरायला दिलं. तेच सर, आता केस पांढरे झालेत, पण अजून तुझ्याच वायरिंगवर चालतायत. पहिला नवा बॉल सगळ्यात मऊ, पट करताना, म्हणजे हळूच होलकडे ढकलताना, आवाजच येत नाही, लोण्याला टेकल्यासारखं वाटतं, आणि ग्रीनवर पडला की जागच्या जागी बसतो. दुसरा लांब जातो, भरपूर लांब, पण हाताला दगड लागतो आणि छोट्या शॉटला थांबायचं नावच घेत नाही. तिसरा मधला, दोन्ही बरं करतो, आणि म्हणून मला तो आवडला नाही, शाळेत सगळ्याच विषयांत साठ टक्के मिळवणाऱ्या मुलासारखा. मी खूश होते. सगळं मोबाइलमध्ये रकाने पाडून लिहीत होते. मग मी मोज्यातून तुझा काढला. सरांना म्हटलं, नवी मॉडेल खरंच सुधारलीत का ते कळायला एक जुनं हवं. हे कारण मी रिक्षात बसून तयार केलेलं.

छोट्या शॉटला तुझा बॉल छान, स्पिन मऊवाल्याच्या जवळपास. मग ड्रायव्हर घेतला, लांब मारायचा क्लब. डिस्टन्स एकदम कमी, पण लाइन बघ बाबा, सरळ, दोरी धरल्यासारखी. मी धावत जाऊन नेटजवळून तो उचलून आणला. परत मारला, परत तेच. बाकीचे तिन्ही डावीकडे-उजवीकडे भटकत होते आणि हा इतका जुना बॉल रुळावरून चालल्यासारखा. मला काही कळेना, मी कव्हर काय, गाभा काय, सगळं सरांना समजावत बसले. सर खुर्चीत बसून ऐकत होते. मग म्हणाले, "अगं, बॉलचं काही नाही. बाकीचे तीन तू मारतेस. ह्याला तू पोचवतेस."

झालं. सगळं टेस्टिंग पाण्यात. कारण ते खरं होतं. तुझा बॉल समोर आला की माझा हात आपोआप हळू होतो, हरवेल म्हणून, घासेल म्हणून, आणि स्विंग काय सुंदर होतो. सर म्हणाले की रविवारी हाच स्विंग लागणार, आता बाकीचे असेच मारून दाखव. नाही जमलं. नवा बॉल ठेवला की मला माहीत असतं की खोक्यात अजून आहेत, आणि मी देते ठेवून. तुझा रविवारी खेळू म्हटलं तर ते मॉडेल बंद झालंय, पाण्यात गेला तर सेम दुसरा कुठून आणू? म्हणजे ज्याने मी पास होईन तो खेळता येत नाही, आणि जे खेळता येतात त्यांना मी बडवते. हे असलं गिफ्ट कोण देतं?

सर म्हणाले, एक काम कर. ह्यालाही एकदा पूर्ण जोर लावून मार, नाहीतर हे कम्पॅरिझन फेअर नाही, आणि तुझ्या डोक्यातूनही तो जाणार नाही. मी बॉल ठेवला. उभी राहिले. मग उचलला. म्हटलं, सर, ह्याच्यावर बाबांचा डाग आहे, जोरात मारला तर पुसला जाईल. मग दसऱ्याची सगळी गोष्ट सांगितली. पक्कड, वाट्या, उडणाऱ्याला जास्त. सर हसले, त्यांनी चष्मा वर केला आणि बॉल हातात घेऊन फिरवला. उन्हात धरला. परत फिरवला.

"कुठाय डाग?"

हा काय, म्हटलं. त्यांनी अजून एकदा बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि बॉल परत दिला. मी तो पटकन उन्हातून बाजूला घेतला आणि मोज्यात टाकला.

तर ठरवलंय. रविवारी पहिला, मऊवाला. लांब नाही जाणार, पण मला जोर काढायची खुमखुमी येते ती त्याच्यावर जरा कमी येते. सर म्हणतात, चालेल. तुझा खिशात ठेवणार, डाव्या, खेळणार नाही. काल तसं करून बघितलं, थोडे शॉट सरळ गेले, मग सवय झाली आणि परत भटकायला लागले, म्हणून ह्यातून काही शिकवण वगैरे काढू नकोस. मोबाइलमधल्या रकान्यांत सगळं भरलंय, फक्त तुझ्या बॉलच्या डिस्टन्ससमोर काही लिहिलेलं नाही. हे तुला पाठवलं असतं, पण तुझा नंबर आता एका रिक्षावाल्याकडे आहे. दसऱ्याला त्याने रिक्षाला हार घातलेला फोटो डीपीला लावलेला. टायरलाही हळद होती.

आणि सरांपुढे मी भांडले, पण आत्ता ओट्यावर, ट्यूबलाइट लावून, मीही बघितलं. मलाही दिसत नाही, बाबा. बहुतेक मीच बघून बघून घालवला. पण कुठे होता ते माहितीये. बॉलवर छापलेल्या आकड्याच्या वर, जरासा डावीकडे.