शंभरावर राहिलेलं बटण

प्रिय कर्ट,

मंगळवारी डिबेट संपून वीस मिनिटंही झाली नव्हती, तोच तुझा निरोप आला. “हायडी, आलीस एकदाची ताळ्यावर! बाबा असते तर नाचले असते.” चार वर्षांत तुझ्याकडून आलेले हे पहिलेच शब्द. मी ते किती वेळा वाचले ते सांगत नाही. उत्तर मात्र आज, तीन दिवसांनी लिहिते आहे, कारण तू टीव्हीवर जे पाहिलंस ते खरं होतं का, हेच मला कळलेलं नाही.

झालं ते असं. गव्हर्नर आणि सिनेटर या दोन उमेदवारांची डिबेट बघायला इथल्या वाहिनीने मत न ठरलेले बारा जण कॉलेजच्या हॉलमध्ये जमवले होते, त्यांत मी होते. प्रत्येकाच्या हातात रेडिओला असतं तसं फिरवायचं बटण दिलं. पटलं की शंभराकडे न्यायचं, नाही पटलं की शून्याकडे. शेजारी मर्ल नावाचे निवृत्त बसचालक होते. ते म्हणाले, “मी दोघांनाही पन्नासच देणार बाई. बायकोच्या स्वयंपाकालाही तेवढेच देतो, म्हणून संसार टिकलाय.” मी हसले आणि गंभीरपणे कामाला लागले. माझा स्वभाव तुला माहीत आहे. दोघांच्या औषधांच्या नि करांच्या योजना मी घरून वाचून गेले होते. तरी गव्हर्नर बोलले की त्यांचं पटायचं, सिनेटर बोलले की त्यांचं, आणि दोघं एकदम ओरडले की कुणाचंच नाही. नव्वद मिनिटांत नवी माहिती मिळाली ती एवढीच, की सिनेटर डावखुरे आहेत.

मधेच गव्हर्नर बंद पडलेल्या कागद गिरण्यांवर बोलू लागले आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. बाबांची गिरणी बंद झाल्यावरच्या सोमवारीही आईने सवयीने त्यांचा डबा भरला होता. सगळे त्या डब्याकडे बघत होतो. तेव्हा तू तो उचललास, “माझाच ना?” म्हणालास आणि शाळेला निघालास. आत लिव्हर सॉसेजचं सँडविच होतं, ज्याचा तुला वासही सहन व्हायचा नाही. माझा हात शंभरावर गेला तो तेव्हा. गव्हर्नर पुढे काय करणार म्हणाले, ते मी ऐकलंच नाही. सिनेटरांचं उत्तर सुरू झालं तरी बटण तिथेच. मर्लनी कोपर मारलं, “झोपलात काय?” तेव्हा भानावर आले.

नंतर वार्ताहर बाई प्रत्येकाचे आकडे घेऊन थेट माझ्याकडेच आल्या. “गव्हर्नरांना शंभर! काय पटलं एवढं?” मी म्हटलं, “घरची आठवण झाली.” चुकून सिनेटरांनाही शंभरच गेले, हे सांगेपर्यंत माइक मर्लकडे वळला होता.

आता माझी पंचाईत बघ. गव्हर्नरांना मत दिलं, तर ते त्यांच्या योजनेला असेल, की तुझ्या निरोपाला? सिनेटरांना दिलं, तर तुझा तो आनंद मी फसवून मिळवला असं होईल का? चार वर्षांपूर्वी आईच्या दफनानंतर गाडीपाशी तू म्हणाला होतास, “जिला बाजूच घेता येत नाही, तिच्याशी बोलायचं काय?” मला ते अन्यायाचं वाटलं होतं. अजूनही वाटतं. पण खोटं होतं, असंही छातीठोक म्हणवत नाही.

माझी टपाली मतपत्रिका फ्रिजवर चुंबकाखाली लटकते आहे, कोरी. आपल्या विस्कॉन्सिनचा नियम तुला ठाऊक आहे: साक्षीदार लागतो. त्याने आधी पत्रिका कोरी असल्याचं बघायचं, मत देताना समोर बसायचं, पण कुणाला दिलं ते बघायचं नाही, आणि पाकिटावर सही करायची. दर वेळी शेजारची डोरीन करते. या वेळी तिला विचारलेलं नाही. तू येशील, पुढच्या शनिवारी दुपारी? मत कुणाला दिलं हे मी तुला कधीच सांगणार नाही, आणि तू विचारायचं नाहीस. एवढं जमणार असेल तरच ये. मला ठरवायला वेळ लागेल, तेव्हा डबा घेऊन ये. लिव्हर सॉसेजचं सँडविच असलं तरी चालेल. या वेळी अर्धं मी खाईन.

अजून काहीच न ठरलेली, तरी तुझीच,
हायडी