चर्चचा ओटा, बाहेरच्या बाजूने

३ मार्च, सोमवार. मुक्काम लोगन.
आजपासून रोज लिहिणार. मोठी माणसं लिहितात. आज कारखान्यातल्या करवतीवरून थेट वर, ड्रॉइंगच्या ऑफिसात. एसी, फिरती खुर्ची, दोन स्क्रीन. ब्रॉन्विनबाई म्हणाल्या, बढती नाही रे मलाकी, ट्रायल आहे. एका किचनचं ड्रॉइंग नीट काढून दाखव, मग खुर्ची तुझी, नाहीतर पुन्हा खाली भुशात. ठीक आहे. शब्दांचा खेळ. सामोआला फोन केला, इंजिनिअर झालो म्हणून. आई म्हणाली, मग आठवीतून पळालं ते कोण होतं? लाइन खराब होती.

५ मार्च
ऑफसेट शिकलो. रेघ धरायची, अंतर टाकायचं, कुठल्या बाजूला ते क्लिक करायचं. तितक्या अंतरावर तशीच दुसरी रेघ हजर! एवढ्यासाठी लोक कॉलेजात जातात. बाई म्हणाल्या, अंतर कोणीही टाकतं, बाजू चुकली की मेलास. वय झालं की माणसाला काळजी फार.

१० मार्च
पहिलंच काम आमच्या चर्चच्या नव्या हॉलचं किचन! ईस्टरला उद्घाटन. सीएनी आत्याने पास्टरला सांगूनही टाकलंय, माझा भाचा काढतोय. माप मीच घेतलं. भिंतींचा अजून नुसता लाकडी सांगाडा आहे. बाईंचं म्हणणं, त्यावर प्लास्टरबोर्ड लागणार, जागा कमी होणार, म्हणून ओट्याची रेघ दोन्हीकडून आत घे.

११ मार्च
आत? चर्चला देताना आत? आमच्यात चर्चला साधी चटई दिली तरी शेजारच्यापेक्षा हातभर लांब देतात. पलीकडच्या टोंगन लोकांच्या चर्चचा ओटा मी पाहिलाय. आपला त्याहून लहान निघाला तर आत्या मला जेवायला वाढायची नाही.
रेघ दोन्हीकडून बाहेर घेतली.
बाईंनी विचारलं, ऑफसेट केलास का? केला म्हटलं. खोटं काय त्यात? त्या घाईत होत्या, सही केली. विश्वास मिळवावा लागतो.

१२ मार्च ते ८ एप्रिल
लिहायला वेळ नाही. खुर्चीची उंची ठरवण्यात व्यस्त.

९ एप्रिल
फिटर कोस्टाचा फोन. ओटा भिंतींच्या मध्ये जात नाही म्हणे. म्हटलं, ढकल. म्हणाला, चार जणांनी ढकलला, आता तू ये आणि पास्टरलाही आण, प्रार्थनेने गेला तर बघू. म्हटलं, भिंत चुकली असेल. म्हणाला, दोन्ही? अखंड स्टील, कापताही येत नाही. दाराबाहेर गवतावर पडलाय. खरं सांगू? उन्हात फार देखणा दिसतो.

१० एप्रिल
बाईंचा आवाज खाली करवतीवरही ऐकू गेला. आत्या मात्र शांत. म्हणाली, राहू दे बाहेर, नाहीतरी आपली उमूची, तापल्या दगडांची चूल अंगणातच पेटते. वर छप्पर घाल म्हणजे झालं. बाई म्हणाल्या, हा शेवटचा चान्स. ओट्याची कड धर, छप्पर ऑफसेट कर. बाजू सांगू का? म्हटलं, मला शिकवू नका. एकदा शिकलो ते शिकलो. माणसाने चुकीतून धडा घ्यावा.
रेघ चारी बाजूंनी आत घेतली. या वेळी अगदी नम्रपणे.

२० एप्रिल, ईस्टर
पाऊस. छप्पर ओट्याच्या मधोमध, ताटात बशी ठेवावी तसं. डुकराचं मांस कोरडं, कडेचा सगळा टारो, म्हणजे अळूचे कंद, भिजला. आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, आमच्या इंजिनिअरने फक्त डुकराला वाचवलं. पास्टरही हसले. टोंगन पाहुणे तर जास्तच. त्यांना म्हणावं, तुमचा ओटा आमच्या अर्ध्याएवढा तरी आहे का?

२२ एप्रिल
पुन्हा खाली. माझ्या मर्जीनेच. एसीने सर्दी होते. खरं काम इथेच, लाकडात. स्क्रीन काय, कोणीही बघतं.
कोस्टाने फळीवर रेघ मारून दिली. मग न विचारता रेघेच्या एका बाजूला भली मोठी फुली मारली. म्हणाला, पातं इकडून लाव बाबा, हा तुकडा फेकायचा, फुली दिसते ना? माझा अपमान आहे हा. चांगलं सुनावणार होतो, पण यंत्र चालू होतं.
फुलीच्या बाजूने कापलं. फळी नीट बसली.
योगायोग.