सिद्धीचं घुमट

१२ ऑक्टोबर १९८७, पार्से

पोचलो एकदाचा! निघालो होतो खरं मुरगावला, बंदरात काही काम मिळतं का बघायला. पण पेडण्याच्या स्टँडवर भजी खात बसलो आणि बस गेली. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, घुमट वाजवता येतं का? म्हटलं, आमच्या बांद्याला चतुर्थीत मी दुसरं करतो काय! तेच हे सदाशिव मास्तर. काजूच्या बागेत यांचं घर. न बोलणाऱ्या पोरांना गाण्या-वाजवण्यातून बरं करतात. खोली, जेवणखाण, वर पगार. बंदर काय कुठे पळून जात नाही.

वाटेत भिंतींवर अजून मराठी-कोकणीच्या भांडणाच्या घोषणा. मास्तर हसून म्हणाले, आमच्या पोरीने यातल्या कुठल्याही भाषेत तोंड उघडलं तरी आम्ही राज्य मिळवलं.

पोर म्हणजे सिद्धी, पाच-सहा वर्षांची. सध्या एकटीच आहे. सोबत तिची आई विमलाबाय, सुर्ल्याची. नवरा रघुनाथ खाणीवर ट्रक चालवायचा. तो कुठे, विचारलं तर म्हणाली बरा नाही. मग माझ्या घरी कोण कोण, ते विचारत बसली. म्हटलं कोणी नाही गे बाय, मी म्हणजे मोकाट ढोर. तिने मला आणखी एक उंडो वाढला. गरम पाव आणि काजूची भाजी. मजा आहे!

१५ ऑक्टोबर

मास्तर म्हणतात, पोटातल्या पोराला पहिला ऐकू येतो तो आईच्या काळजाचा ठोका. म्हणून ठेका धरला की पोराचा श्वास जागेवर येतो, मग नजर, मग हात, शेवटी जीभ. मी मनात हसलो होतो. पण सिद्धी भिंतीवर डोकं आपटत होती ती माझ्या पहिल्या थापेला थांबली! आता मी थाप मारायची, तिने टाळी द्यायची. आपली पाळी येईपर्यंत गप्प बसते. बोलणं म्हणजे तरी दुसरं काय, असं मास्तर म्हणतात. रात्रीची झोपतेही आता सलग.

घुमट मात्र विचित्र. घुमटाच्या मडक्यावर ताणलेलं घोरपडीचं कातडं कसं कोरडं, खवल्यांचं असतं. हे गुळगुळीत आणि ओलसर. मास्तर म्हणाले, घोरपड मारायला बंदी आहे आणि बकऱ्याच्या कातड्याला पोर दाद देईना. मग हे कशाचं, ते सांगायच्या आधीच पान खायला उठले.

१९ ऑक्टोबर

सिद्धी बोलली! "बा" म्हणाली. विमलाबाय रडली, मीही रडलो, मास्तर नुसतेच मान हलवत राहिले.

पोर घुमटाच्या कातड्याला गाल घासते. कशी घासते देव जाणे, त्याला आंबलेल्या फडक्याचा वास येतो. वाजवून झालं की माझ्या तळव्याला पिवळं, चिकट काहीतरी लागलेलं असतं. साबणाने तीनदा धुतलं. तरी उंडो तोंडाशी नेला आणि हाताचा वास आला. ओकलो.

२३ ऑक्टोबर

दिवाळीचे पोहे खाऊन घुमट घेतलं. कातड्यावर एक तीळ आहे. तिळातून केस येतात. विमलाबाय ते कातरीने कापते, वर खोबरेल चोळते. आज तिने फुंकर घातली आणि कातड्यावर काटा आला. मी बघितला. भास नव्हे.

मी ओरडलो, हे काय आहे? ती शांतपणे म्हणाली, तेचा आंग पयल्यापासून केसाळ. आणि जीभ चावून आत गेली.

सिद्धी आता "पेज" म्हणते, "काऊ" म्हणते, मला नावाने "बाबली" म्हणते. मी गायला लागलो की मागून येऊन पाठीला कान लावते. बरं वाटतं. तेवढ्यासाठीच राहिलो आहे.

२७ ऑक्टोबर

मागची खोली आज उघडी होती.

विमलाबायचा नवरा रघुनाथ केळीच्या पानांवर पालथा. मानेपासून कमरेपर्यंत पाठीला कातडं नाही. चौकोन, चौकोन कापलेले. जुने काळपट, नवे ओले. त्यावर माश्या. पानाखालून पाणी वाहतंय. आणि त्याची बोटं पानावर ताल धरतायत, माझाच ठेका.

माझी चाहूल लागताच त्याने विचारलं, चेडू उलयता मरे? पोर बोलते ना, एवढंच. खुशीत. म्हणे पोर लहानपणापासून फक्त त्याच्या पाठीवरच निजायची. बकऱ्याचं कातडं फुकट गेलं, तेव्हा त्याने आपणहून मास्तरांना सांगितलं, माझा घे. पण प्रत्येक कातडं थोडे दिवस टिकतं, मग कुजतं. माझ्यार आता कायच उरूक ना, म्हणाला. हसला.

इतके दिवस मी— या हातांनी—

२९ ऑक्टोबर

घुमट फुटलं. थाप मारली आणि बोटं आत गेली. आतलं उडून ओठांवर आलं. खारट. कोमट.

सिद्धीचे सगळे शब्द गेले. भिंत. डोकं. कपाळातून रक्त. विमलाबायने धरलं तर तिला चावली.

मी गायलो. दुसरं करणार काय. ती आली, पाठीला कान लावून गप्प झाली.

मग मास्तर आले. त्यांनीही कान लावला. थुंकी लावलेल्या दोन बोटांनी माझ्या पाठीवर वाजवून बघितलं. विमलाबायकडे बघून म्हणाले, बरो आसा.

३० ऑक्टोबर

पिशवी भरली. फाटकाशी सिद्धीने सदरा धरला. तिची बोटं एकेक करून सोडवली. चार पावलं गेलो. मागे तोच आवाज, फाटकाच्या खांबावर, डोक्याचा—

परत आलो. एवढं शांत करतो, मग जातो. गाढव मी.

३१ ऑक्टोबर

पेज कडू होती. पाय हलत नाहीत. हात थोडे, वहीपुरते.

पालथं घातलंय. खाली पानं. गार.

शेजारी रघुनाथ. बोटं चालूच—

विमलाबाय पाठ धुते. ऊन पाण्याने, हळूहळू, पोराला न्हाऊ घालतात तशी. थोडोच रे पुता, म्हणते. एकच चौकोन. मास्तर दगडावर पातं घासतात.

सिद्धी. कान माझ्या पाठीवर. सरकवते. इथे. मग इथे.

बोलली. अख्खं वाक्य. पहिलंच. आईला सांगते, हय नको गे, हय बरो वाजता, हय काप—