टेलकोट, नाचाचे बूट आणि व्हर्ना होलब

मी, ऑर्व्हिल जेम्स टीग, वय चोवीस, जन्म नेब्रास्काचा, हल्ली मुक्काम हॉलिवूड येथे डॅलरिम्पलबाईंच्या घरी मागच्या जिन्यावरची खोली, धंदा नाचण्याचा आणि नाच नसेल तेव्हा मिळेल तो, असे लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे, पोट भरलेले आहे, आणि हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही. येत्या गुरुवारी मला सैन्यात हजर व्हायचे आहे. तिथून पुढे मला कुठे पाठवतील ते मला माहीत नाही, आणि पाठवणाऱ्यांनाही अजून माहीत नसावे. म्हणून माझे जे काही आहे त्याची व्यवस्था मी आजच लावतो.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तरी हरवले असते.

या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी माझा खोलीतला जोडीदार ऑगस्टस पेटिट, म्हणजे गस, याला नेमतो. त्याच्या एका डोळ्याला नीट दिसत नाही म्हणून सैन्याने त्याला घेतले नाही. कायद्याची भाषा मला त्यानेच सांगितली. त्याने कोर्टाच्या कितीतरी चित्रपटांत न्यायाधीशाच्या मागे बसून कारकुनाचे काम केले आहे आणि ऐकून ऐकून त्याला बरेच येते. तो आत्ता टेबलापलीकडे बसून म्हणतो आहे की हे सगळे लिहायची गरज नाही. पण मी लिहिले आहे.

कलम एक. मी परमुलखात पडलो आणि देह इकडे आणणे कोणाला जमले, तर अंत्यविधीला ऑर्गन वाजवू नये. वॉल्ट्झ वाजवावा. तो ऐकून कोणाचे पाय हलू लागले तर हलू द्यावेत, त्यात माझा अपमान नाही.

कलम दोन. नेब्रास्कातल्या वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा मी थोरला भाऊ एव्हरेट टीग याला देतो. ती जमीन तोच कसतो, दुष्काळाच्या आणि धुळीच्या वादळांच्या वर्षांत तोच तिथे राहिला, मी पळालो. तेव्हा ती त्याचीच आहे. मात्र एक अट आहे, आणि ती समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मी पंधरा-सोळा वर्षांचा असताना आम्ही दोघे मलईचे कॅन घेऊन गावात गेलो होतो. पैसे मिळाले, गाडी सुटायला वेळ होता, आणि थिएटरवर गाण्यांचा चित्रपट लागला होता. आत गेलो. पडद्यावर पांढऱ्या कोटातला एक माणूस, समोर एक मुलगी. त्याला तिला काहीतरी सांगायचे होते आणि त्याची दातखीळ बसली होती. आमच्याकडे असा माणूस हातातली टोपी फिरवत राहतो, हवामानावर बोलतो आणि घरी जातो. या माणसाने तसे केले नाही. कुठून तरी व्हायोलिन सुरू झाले, आणि जे त्याला बोलता येत नव्हते ते तो गाऊ लागला. गाणे कमी पडले तेव्हा पाय सुरू झाले, आणि पाय थांबले तेव्हा मुलगी त्याची झालेली होती. थिएटरात बसलेले सगळे शेतकरी, दोन वर्षांचे पीक गेलेले, पण कोणी खोकलेसुद्धा नाही. बाहेर आलो तर पुन्हा तोंडात धूळ.

एव्हरेट म्हणाला, "माणसं अशी मधेच गायला लागत नाहीत." मी म्हणालो, लागायला पाहिजेत. तो म्हणाला, "तुझं डोकं फिरलंय." आणि त्या संध्याकाळी गाईंना वैरण घालताना तो तेच गाणे गुणगुणत होता. मी गोठ्याच्या दाराशी उभा राहून ऐकले. हे त्याने आजपर्यंत कबूल केलेले नाही. तर अट ही, की जमीन नावावर करून घेण्यापूर्वी त्याने बायकोसमोर ते कबूल करावे. त्या गाण्यामुळेच मी घर सोडले, मालट्रकच्या मागे बसून कॅन्सस पाहिले, जत्रेत पाळणे ढकलले, बक्षिसासाठी रात्रंदिवस न थांबता नाचण्याच्या स्पर्धेत उभ्या उभ्या झोपायला शिकलो. त्या वेळी माझी जोडीदारीण मला चिमटे काढून जागे ठेवायची, तिला पुढे चिमट्यांची सवय लागली आणि... असो. हे कलम जमिनीचे आहे.

कलम तीन. माझा टेलकोट, म्हणजे मागे दोन शेपट्या असलेला मेजवानीचा कोट, गसला. ज्यांना चित्रपटाच्या गर्दीत उभे राहण्याचा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो, की ज्याच्याकडे स्वतःचा टेलकोट आहे त्याला गर्दीतून उचलून नायकाच्या जवळ उभे करतात. नेब्रास्कातला पोरगा त्या एका कोटामुळे व्हिएन्नाचा सरदार, लंडनचा लॉर्ड आणि एकदा तर वधूने नाकारलेला नवरदेव झालेला आहे. डाव्या काखेत शिवण उसवली आहे, हात उंच करायचा तर उजवा करावा. गसने तो कोट घालून पत्ते खेळू नयेत.

कलम चार. माझ्या खिडकीला टांगलेला चंदेरी लाकडी तारा घरमालकीण डॅलरिम्पलबाई यांना. तो चित्रपटासाठी उभारलेल्या एका नकली आकाशातला आहे. आकाश मोडून भंगारात चालले होते, मी सुतारकामाच्या मुकादमाला विचारून घेतला, चोरलेला नाही.

डॅलरिम्पलबाईंना ऐकू येत नाही. लहानपणी तापात कान गेले, तेव्हापासून त्या ओठ वाचतात. आणि या बाई दर आठवड्याला न चुकता चित्रपटाला जातात, तेही गाण्यांच्या. मी नवा होतो तेव्हा मला हसू यायचे. मग एकदा त्यांनी समजावले. बोलण्याच्या चित्रपटात माणसे सिगारेट ओढत बोलतात, पाठ फिरवून बोलतात, दाराआडून बोलतात. "गाण्यात मात्र," बाई म्हणाल्या, "प्रेम करणारा तोंड उजेडात धरतो आणि प्रत्येक शब्द पुरा करतो. खऱ्या आयुष्यात माझ्याशी इतकं नीट कोण बोललंय रे? नवरासुद्धा मिशीतून बोलायचा." तेव्हापासून मी त्यांच्याशी उजेडाकडे तोंड करून बोलतो.

कलम पाच. माझे तळाला पत्रे ठोकलेले टॅप नाचाचे बूट, फोर्ड गाडीतला अर्धा वाटा (उरलेला गसचा, कोणाचा पुढचा आणि कोणाचा मागचा ते ठरलेले नाही), पोस्टातली शिल्लक, मेंडोलिन आणि वर न लिहिलेले बाकी सर्व मी व्हर्ना होलब हिला देतो, जी माझी

इथे मी थांबलो आहे. गस म्हणतो नाते लिहावेच लागते, नाहीतर कोर्ट विचारते ही कोण. मैत्रीण लिहू का, तर तो म्हणाला मैत्रिणीला कोणी अर्धी गाडी देत नाही. वाग्दत्त वधू लिहू का, तर ते खरे की खोटे हे मलाच माहीत नाही. ते कसे, ते लिहितो. सात महिने मला दुसरे काही सुचलेले नाही, आणि गुरुवारनंतर विचारायला मी इथे नसेन.

व्हर्ना टेक्सासची, चेक घरातली, रविवारी आलुबुखाऱ्याचा मुरंबा भरलेले पाव भाजून आणते आणि ते मोजून देते. गेल्या मार्चमध्ये आम्ही दोघे एका चित्रपटाच्या समूहनाचात होतो. पॅरिसची गच्ची उभारली होती. काळी जमीन अशी चकचकीत की शॉट सुरू होईपर्यंत बुटांवर लोकरी पिशव्या चढवाव्या लागत. वर पत्र्याचा चंद्र, त्याच्यात दिवे, आणि त्या दिव्यांखाली लोकरीच्या टेलकोटात मी उकडून निघत होतो. तरीही सांगतो, ताल जुळला, पायऱ्यांवरून पन्नास जोड्या एकदम खाली वळल्या, की ते खोटे आहे हे माझ्या डोक्यातून जायचे. दर वेळी जायचे. ज्यांचे जात नाही त्यांनी या धंद्यात येऊ नये.

आता आमची रीत अशी. गाणे आधीच ध्वनिमुद्रित झालेले असते. नाचताना ते मोठ्या कर्ण्यांतून लावतात आणि कॅमेरा फक्त चित्र घेतो, आवाज घेत नाही. त्यामुळे मागच्या ओळींतले आम्ही खुशाल बोलत असतो. कोणाचे भाडे थकले, कोणाचा दात काढला, सगळे वॉल्ट्झच्या तालावर. नियम एकच. नाच बसवणारे मिस्टर फेल्ड शिडीवर बसत आणि ओरडत, "दात, मंडळी, दात." घरून वाईट तार आली असेल तरी दात दिसले पाहिजेत.

तर एका वळणावर व्हर्ना माझ्या हातावर मागे झुकली, वर तो चंद्र, आणि मी विचारले, माझ्याशी लग्न करशील का. मला वाटले, उरलेले काम व्हायोलिन करेल. ते इतक्या जोरात वाजले की तिचे ओठ हललेले मला दिसले, शब्द एकही पोचला नाही. ती हसत होती. पण ती सकाळपासूनच हसत होती. आम्ही सगळेच हसत होतो.

पुढच्या शॉटला फेल्डने उंच पोरांना पलीकडे हलवले. संध्याकाळी समूहाची सुट्टी झाली. "मघाशी काय म्हणालीस?" हे दुकानात विचारता येते, इथे जीभ वळेना. दुसऱ्या दिवशी माझे पाय नेहमीसारखे शिवशिवले आणि मी फ्रेस्नोला द्राक्षांच्या मळ्यांकडे गेलो, तिथून ओरेगनला. व्हर्नाला पोस्टकार्डे टाकत होतो. हवामानाबद्दल.

सप्टेंबरात चित्रपट लागला तेव्हा मी परत आलो आणि डॅलरिम्पलबाईंना घेऊन गेलो. उत्तर पडद्यावर असणार, आणि ते वाचणाऱ्या बाई माझ्याच घरात. वळण आले, व्हर्ना झुकली, ओठ हलले. बाईंनी माझ्या मनगटावर बोट आपटले, म्हणजे वाचले. बाहेर येऊन त्यांनी सांगितले, "ती म्हणतेय, बूट चावतोय, आणि या माणसानं आता जेवायला सोडलं नाही तर मी कोणाला तरी चावेन."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तो जेवणाआधीचा टेक होता. तोच नाच दिवसभर पुन्हा पुन्हा चित्रित केला होता, आणि माझा प्रश्न ज्या टेकमध्ये होता तो त्यांनी कापून फेकलेला होता. बाई मला म्हणाल्या, "मुला, तिला तोंड आहे, तुला तोंड आहे. माझं तिकीट कशाला काढलंस?"

मी प्रयत्न केला. व्हर्ना हल्ली विमानांच्या कारखान्यात पत्रे जोडते. गेल्या आठवड्यात फाटकाशी उभा राहिलो, ती आली, आणि मी तिला फोर्डच्या कार्ब्युरेटरबद्दल सांगितले. बरेच सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले, म्हणाली कार्ब्युरेटर चांगला दिसतोय, आणि बसमध्ये चढली.

यापुढचा मजकूर आज दुपारी वाढवलेला आहे. गस म्हणतो, मृत्युपत्रात खाडाखोड केली तर तिचे कारण तिथेच लिहावे.

सह्यांची वेळ आली तेव्हा गसने सांगितले की साक्षीदार दोन लागतात आणि ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. गसला कोट, बाईंना तारा. आम्ही तिघे एकमेकांकडे बघत बसलो. मग गस उठला, कोणीतरी त्रयस्थ आणतो म्हणाला, आणि व्हर्नाला घेऊन आला. कारखान्याच्या कपड्यांत, डोक्याला रुमाल बांधलेली, हाताला तेल. ती कोपऱ्यावर सहज भेटली असे गसने सांगितले. मी गसचा अभिनय बरीच वर्षे पाहत आलो आहे. हाही तसाच होता.

व्हर्ना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि पेन हातात घेऊन आधी वाचायला लागली. साक्षीदाराला वाचावे लागत नाही असे गस म्हणाला. ती वाचत राहिली. गोठ्याच्या जागी एकदा हसली. मग हसली नाही.

"पाचव्यात माझं नाव आहे," ती म्हणाली.

"आहे."

"मार्चमध्ये विचारलंस. मी उत्तर दिलं. आणि तू द्राक्षांच्या मळ्यांत पळालास. मला वाटलं, विचारून पस्तावला."

मी म्हणालो, कर्णा डोक्यावर होता, मला ऐकू आले नाही. तू हसत होतीस, पण फेल्ड शिडीवर होता.

तिने रुमाल सोडला, पुन्हा बांधला. "मी म्हणाले होते, हे दात आत गेल्यावर विचार. त्यांच्या पगाराचं हसू तोंडावर असताना मला हो म्हणायचं नव्हतं, ऑर्व्ह. मी बाहेर फाटकाशी थांबले होते. तू दुसऱ्या दारानं गेलास."

डॅलरिम्पलबाई उठल्या आणि चुलीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ओठ वाचणाऱ्या माणसाने पाठ फिरवली की त्याने कान बंद केले असे समजावे. गसला तेवढे सुचले नाही, तो बसून राहिला.

मी विचारले. व्हायोलिन नव्हते, बर्फाच्या कपाटातून पाणी ठिबकत होते, आणि माझा आवाज मधेच फाटला. त्या पांढऱ्या कोटवाल्याला असे कधी करावे लागले नसणार. तरी मी पोरगा असताना तो मला पडद्यावर दिसला नसता तर मी त्या वळणावर पहिल्यांदा विचारलेच नसते, म्हणून त्याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही.

व्हर्ना हसली नाही. तिने माझ्याकडे इतके सरळ पाहिले की मी खुर्चीची पाठ धरली. मग तिने पेनला टोपण लावले आणि ते गसपुढे सरकवले.

"दुसरा साक्षीदार बघ, गस. माझी सही चालायची नाही. मी घेणाऱ्यांतली आहे."

सबब कलम पाच दुरुस्त करून पुढीलप्रमाणे वाचावे: वर सांगितलेले सर्व मी माझी वाग्दत्त वधू व्हर्ना होलब हिला देतो. फक्त टॅपचे बूट वगळले आहेत. ते तिने घ्यायला नकार दिला. ते तिच्या पलंगाखाली राहतील आणि मी स्वतः येऊन घालायचे आहेत, असे तिचे म्हणणे, आणि ते मला बंधनकारक आहे.

हे सारे मी वाचून पाहिले, व्हर्नानेही पाहिले, ते आमच्या दोघांच्या मनासारखे आहे, आणि म्हणून खाली स्वतःच्या हाताने नाव लिहितो.

ऑर्व्हिल जेम्स टीग
(सही)

आमच्यादेखत सही झाली; आम्हाला यातून काहीही मिळत नाही:

१. एन्झो फराची, बर्फ पोचवायला आले होते (सही)

२. हर्मन ग्रुबर, शेजारी. टॅपच्या आवाजाने भिंत ठोकणारे ते हेच. सही करताना म्हणाले की लवकर परत ये (सही)

ठिकाण: डॅलरिम्पलबाईंचे स्वयंपाकघर, हॉलिवूड, लॉस अँजेलिस
मंगळवार, १३ ऑक्टोबर १९४२