काचेच्या पट्ट्या

३ फेब्रुवारी
चि. चिमण यास,
अ. उ. आशीर्वाद. आता तू फादर झालास. आशीर्वाद द्यावा की मागावा, या पेचात चहा थंड झाला. शेवटी वय कामी आलं.

दीक्षेनंतरचा तुझा कृतज्ञतेचा मिस्सा, तू चालवायची पहिली उपासना, आपल्या जुन्या चर्चमध्येच व्हायचा, हे ठरलं. पण इंजिनिअरने मनोऱ्याच्या भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्यात; भेग जरा हलली की काच तडकते. मिस्सानंतर त्या शाबूत राहिल्या तर डागडुजी, तडकल्या तर कायमचं टाळं. म्हणून घंटा वाजवायची नाही. आणि हे दाजींना, तुझ्या बाबांना, सांगायचं मी! जन्मभर ती वाजवलेल्या माणसाला! मी पडलो कविता शिकवणारा मास्तर. आधी पाखरांचं, संध्याकाळचं बोलत बसलो. त्यांनीच वैतागून विचारलं, मुद्दा काय? सांगितला. म्हणाले, चिमणच्या आईला शेवटचं त्याच दारातून नेलं, मलाही तिथूनच जायचंय, चिमणच्या हातून. तेवढ्यासाठी गप्प राहीन. शब्द दिलाय.
लोभ आहेच, त्यातला थोडा त्या म्हाताऱ्या भिंतींनाही दे.
तुझा मामा

९ फेब्रुवारी
ती. मामांस,
सा. न. वि. वि. तुमची स्वागत-कविता पोचली. चौदा कडवी! लोक माझ्याआधी स्वर्गात जातील. चार ठेवा.

घंटेचा दोर सोडवून ठेवू का, असं तिथल्या फादरांनी विचारलंय. मी नको म्हणालो. बाबांनी शब्द दिल्यावर दोर काढणं म्हणजे त्यांच्या तोंडावर मारल्यासारखं. लहानपणी मी वेदीजवळ बसायचो आणि पवित्र भाकर वर उचलली की मान वळवून त्यांना घंटा वाजवताना बघायचो. त्यांना त्यांच्या जागी, दोरापाशीच उभं राहू द्या. वेदीवरून मला ते तिथे दिसायला हवेत.
माया आजवर केलीत तशीच ठेवा.
तुमचा चिमण

२ मार्च
चि. चिमण यास,
अ. उ. आशीर्वाद. तू भाकर वर उचललीस, घंटा वाजली आणि तुझे हात तसेच वर राहिले, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मी दाजींच्या शेजारीच होतो. त्यांचे डोळे तुझ्यावर, पाण्याने भरलेले. हातांनी आपलं रोजचं काम केलं. मी दोर धरेपर्यंत तीन ठोके झाले होते.

इंजिनिअर येऊन गेला. पट्ट्या उभ्या तडकल्यात. दारांवर पत्रे ठोकले. दार उघडा म्हणून बिशपांना तू लिहिलेलं पत्रही परत फिरलं म्हणे. नव्या चर्चमध्ये घंटा बटणावर वाजते. आवाज तबकडी पडल्यासारखा.

दाजी अंथरुणाला खिळलेत. डॉक्टर आता औषधं बदलतही नाहीत. चर्चचं दार उघडलं का, एवढंच दाजी रोज विचारतात. काल मात्र उठून बसले नि भडकले. म्हणाले, मी शब्द पाळला, मग घंटा वाजवली कुणी? त्या गाढवाचं नाव सांगा. मी त्यांच्या पाठीमागे उशी लावली. मग स्वतःच निवळले. म्हणाले, वाजवली मात्र सुरेख.

मी नाव सांगितलं नाही. तूही सांगू नकोस. लवकर ये, कुठल्या दारातून न्यायचं, ते त्यांना तूच सांग. मला कडवी सुचतात, हे वाक्य सुचत नाही.
माझ्यावरचा लोभ राहू दे, आधी त्यांच्यापाशी ये.
तुझा मामा